झिजलेल्या दात्याचा गृहोपचार

घरातील बिघडलेली वस्तू दुकानात न नेता घरीच उघडून बसण्याच्या प्रवृत्तीचा अभ्यास ज्याला करायचा असेल त्याने मिक्सर, इस्त्री किंवा नळाची तोटी यांच्यापासून सुरुवात करू नये, कारण या वस्तूंची घराला गरज असते, गरज असली की घाई होते आणि घाई झाली की वस्तू मुकाट्याने दुकानात जाते. प्रवृत्तीचे निर्भेळ रूप पाहायचे तर जिची कोणालाही गरज उरलेली नाही अशी वस्तू निवडावी लागते, आणि त्या दृष्टीने रोलवर चालणारा जुना कॅमेरा, त्यातही रोल पुढे सरकवणारे ज्याचे एक दातेरी चाक झिजले आहे असा कॅमेरा, हा आदर्श नमुना ठरतो.

वाळवा तालुक्यातील आष्टा हे पेठ नाक्याकडून सांगलीला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव या अभ्यासाला विशेष अनुकूल आहे. कृष्णाकाठच्या या उसाच्या पट्ट्यात दातेरी चाकाची ओळख पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून होत नाही, ती गुऱ्हाळावर होते. याच जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथल्या कारखान्यातून लोखंडी नांगरांच्या बरोबरीने उसाचे चरकही बाहेर पडू लागले, त्यामुळे एका चाकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेत बसला की काय होते आणि नाही बसला की काय होते, हे इथल्या माणसाला शाळेत जाण्यापूर्वीच कळत आले आहे. परिणामी आष्ट्यात कोणतेही यंत्र उघडले की त्याच्याभोवती जमणाऱ्या मंडळींत एकही अज्ञ माणूस सापडत नाही, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ही फार मोठी अडचण आहे.

चाकाचे कार्य आधी समजून घेतलेले बरे. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या रोलच्या दोन्ही कडांना भोके असतात आणि एका चित्राच्या वाट्याला प्रत्येक कडेची अशी आठ भोके येतात. कॅमेऱ्याच्या पोटात आठ दात्यांची एक फिरकी या भोकांत दाते खुपसून उभी असते. तिचा एक फेरा म्हणजे आठ भोके, आठ भोके म्हणजे ३८ मिलिमीटर, आणि त्यांतले ३६ चित्राचे, तर उरलेले दोन पुढच्या चित्रापासून अंतर राखणाऱ्या कोऱ्या पट्टीचे, असा हिशेब जगभर मान्य झालेला आहे. उजव्या अंगठ्याने लिव्हर ओढली की ती ओढ लहान-मोठ्या चाकांच्या रांगेतून फिरकीपर्यंत पोहोचते, आणि त्याच ओढीने एकीकडे शटर म्हणजे प्रकाश अडवणारा पडदा ताणला जातो, तर दुसरीकडे किती फोटो झाले ते दाखवणारा आकडा पुढे सरकतो. फिरकीच्या वाटेवरचे एखादे चाक झिजले असेल तर लिव्हर पूर्ण फिरते, आकडा पुढे जातो, खटका दाबल्यावर आवाजही ठसठशीत येतो, फक्त रोल जिथल्या तिथे किंवा अर्ध्यावर राहतो; मग धुऊन आलेल्या निगेटिव्हमध्ये मंगलाष्टके आणि पंगत एकाच चौकटीत नांदू लागतात आणि नवरदेवाच्या मुंडावळ्यांतून आचाऱ्याची कढई डोकावते.

चाक का झिजते याचे यांत्रिक उत्तर साधे आहे: पोलादी आणि पितळी चाकांची जोडी जमवली की झीज मऊ असलेल्या पितळेच्या वाट्याला येते. सामाजिक उत्तर अधिक उद्बोधक आहे. रोलवर ३६ फोटोंचा आकडा छापलेला असे आणि तो आकडा ही कारखानदाराने ग्राहकाची परीक्षा पाहण्यासाठी सांगितलेली किमान मर्यादा आहे, अशी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची दृढ श्रद्धा होती. रोल चढवताना पहिली वीतभर फिल्म वाया जाते म्हणून पलंगावर गोधडी पांघरून, अंधारात, श्वास रोखून रोल भरणारे लोक होते. शेवटी रोलचे शेपूट डबीतील दांडीला अडकून बसले, लिव्हर अर्ध्यावर थांबली, तरी “अजून एक निघेल” असे म्हणत अंगठ्याचा सगळा जोर लावणारे लोक तर घरटी एक होते. सदतिसावा फोटो नेहमी मावशीचा असे, कारण मावशी नेहमी उशिरा येत. आणि अडतिसावा निघाला तर त्याचे वर्णन पुढे कैक वर्षे पाहुण्यांसमोर होई, जणू तो फोटो बँकेने चुकून खात्यात जमा केला होता. या जादा दोन फोटोंची किंमत आतले पितळी चाक दात ओठ न खाता मोजत राहिले. त्याउलट ज्यांनी कॅमेऱ्यात रोल घालायचाच विसरून अख्खे बारसे टिपले, त्यांच्या कॅमेऱ्यांची चाके आजही नव्यासारखी आहेत, ही गोष्ट जाणकारांनी लक्षात घ्यावी.

म्हणजे काटकसरीने जे चाक झिजले ते काटकसरीनेच दुरुस्त करायचे, असा हा प्रकार असतो. दुरुस्तीकर्ता गृहस्थ बहुधा निवृत्त शिक्षक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कर्मचारी किंवा सहकारी संस्थेचा माजी सचिव असतो. ज्याच्या हाताखाली पूर्वी माणसे होती आणि आता फक्त स्क्रू ड्रायव्हर आहे, असा. त्याच्या घरात या प्रकल्पाची घोषणा झाली की पुढील स्वरूपाचा संवाद घडतो.

“अहो, पण मोबाईलवर फोटो निघतात की.”

“प्रश्न फोटोचा नाही.”

“मग कशाचा आहे?”

या प्रश्नाला उत्तर नसते, म्हणून गृहस्थ चष्मा पुसतो आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरतो.

कॅमेरा उघडण्याच्या कृतीत पहिला अडथळा स्क्रूचा. जपानी बनावटीच्या कॅमेऱ्यांतील चौफुलीच्या स्क्रूंची खाच जपानी मानकाची असते आणि बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या चौफुलीच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या खाचेत पुरते टेकत नाही. ते जोर लावला की वर उचलले जाते आणि जाता जाता खाच गोल करून जाते. गोल झालेल्या खाचेला पुढे कोणताच ड्रायव्हर लागत नाही. दुसरा अडथळा लिव्हरवरच्या टोपणाचा. या टोपणाला दोन बारीक भोके असतात, त्यांत बसणारा दुहेरी टोकाचा पाना मिळत नाही म्हणून नातवाच्या कंपासपेटीतले कर्कटक उचलले जाते, आणि नातू भूमितीच्या पेपरला त्याशिवाय जातो. शिवाय काही कॅमेऱ्यांत या टोपणाला उलटे आटे असतात, म्हणजे ते सुटण्यासाठी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे लागते. गृहस्थ सवयीप्रमाणे उलट्या दिशेने फिरवतो, टोपण अधिकाधिक घट्ट होत जाते, तेव्हा तो “जाम झालंय” असा निष्कर्ष काढून आणखी जोर लावतो. कर्कटक निसटते, टोपणावर अर्धवर्तुळाकार ओरखडा उमटतो आणि घरातील लहान मुलांना काही नवे शब्द कळतात.

झाकण निघाल्यावर आत जे दिसते त्याचे वर्णन पुरातत्त्वज्ञाने करावे. नवरात्रातील खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची आणि यंत्रांची पूजा करण्याचा प्रघात सर्वश्रुत आहे, आणि ज्या घरात कॅमेरा होता त्या घरात विळी, शिलाई मशीन, सायकल आणि मोटारसायकल यांच्या रांगेत कॅमेराही बसत असे. श्रद्धेने वाहिलेले हळदकुंकू आणि अक्षता लिव्हरच्या फटीतून आत उतरत गेल्याने चाकांच्या आसपास दरसाल एक असे थर साचलेले आढळतात. तळाच्या थरातील तांदूळ रेशनचा की घरच्या शेतातला, यावर घरातील ज्येष्ठांमध्ये मतभेद होतात. निवाडा होईपर्यंत दुरुस्ती थांबते.

यानंतर सुटे भाग सांभाळण्याचा प्रश्न येतो. शास्त्र असे सांगते की प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने वेगळ्या कप्प्यात ठेवावा, आणि घरात कप्प्यांची वस्तू एकच असते, ती म्हणजे मिसळणाचा डबा. गृहिणी दुपारी झोपली असताना डब्यातील सहा वाट्या रिकाम्या होतात, एक मात्र अनवधानाने भरलेली राहते, आणि लिव्हरचा टप्पा अडवून धरणारा जो पोलादी छरा असतो तो नेमका तिथे जाऊन पडतो. हा छरा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, तेलकट आणि काळपट असतो. मोहरीही साधारण तशीच असते. छरा बोटाने शोधण्याचे प्रयत्न फसल्यावर शेवटी स्वयंपाकघरातूनच कसोटी सुचवली जाते, की कढईत तेल तापवून सगळी वाटी ओतावी, तडतडते ती मोहरी आणि तडतडत नाही तो छरा. ही कसोटी तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. चुंबकाने हेच काम कमी तेलात झाले असते, परंतु चुंबकाची आठवण फोडणी पूर्ण झाल्यावर येते.

छऱ्याबरोबर जी स्प्रिंग उडते तिचे काय होते हे सांगणे कठीण, पण तिच्या शोधासाठी घरात केर काढण्यावर बंदी घातली जाते. कामाला येणाऱ्या बाई दारातच विचारतात, “वैनी, आजबी झाडायचं न्हाई व्हय?” त्यांचे या दुरुस्तीविषयी मत अत्यंत अनुकूल असते.

येथे एका उपेक्षित वर्गाची नोंद करणे आवश्यक आहे, तो म्हणजे बॅटरी धरणाऱ्यांचा. कोणत्याही गृहदुरुस्तीत एक जण दुरुस्ती करतो आणि दुसरा उजेड दाखवतो; उजेड दाखवणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण तो जिथे पाहण्याचा प्रयत्न करतो तिथे त्याचा हात वळतो आणि लगेच “इकडे, इकडे” असा आदेश येतो. जे बिघडते ते उजेड नीट न पडल्याने बिघडते आणि जे जमते ते दुरुस्तीकर्त्याच्या हातगुणाने जमते, हा या क्षेत्रातील अलिखित करार आहे. प्रस्तुत निबंधाचा लेखक याच वर्गातला असल्याने त्याची निरीक्षणे थोडी तिरकी पडलेली आहेत. वाचकांनी त्यांचा कोन दुरुस्त करून घ्यावा.

चाक बाहेर आले की त्याचे मोजमाप करावे लागते, आणि येथे घरातील अभियंता चिरंजीवांचा व्हर्नियर कॅलिपर उपयोगी पडतो. दात्यांची जाडी सांगण्यासाठी यंत्रशास्त्रात मोड्यूल ही संज्ञा आहे. दाते ज्या काल्पनिक वर्तुळावर एकमेकांना भेटतात त्याच्या व्यासाला दात्यांच्या संख्येने भागले की मोड्यूल मिळतो. मात्र ते वर्तुळ काल्पनिक असल्याने कॅलिपरला सापडत नाही, म्हणून चाकाचा बाहेरचा व्यास मोजून त्याला दात्यांच्या संख्येत दोन मिळवून आलेल्या आकड्याने भागण्याची रीत आहे. समजा, चाकाला २४ दाते आहेत आणि बाहेरचा व्यास ७.८ मिलिमीटर भरतो, तर ७.८ भागिले २६, म्हणजे मोड्यूल ०.३ येतो. गृहस्थ २४ नेच भागतो, उत्तर ०.३२५ काढतो, आणि असे चाक जगात कोणीच करत नसल्याचे कळल्यावर कॅमेरा फार दुर्मीळ असल्याचा त्याला अभिमान वाटू लागतो. दाते मोजण्याचेही असेच. गोल वस्तूला सुरुवात नसल्याने मोजणारा कुठून निघालो हे विसरतो. कोणी शाईचा ठिपका लावण्याचे सुचवावे तर ठिपका सहा दात्यांवर पसरतो. घरातील चार माणसांनी मोजल्यास तीन उत्तरे येतात, आणि मग दात्यांच्या संख्येवर मतदान होते.

यापुढचा टप्पा तज्ज्ञांचा सल्ला घेण्याचा. दुकानात न जाण्याच्या प्रतिज्ञेचा हा भंग नव्हे काय, अशी शंका घेतली जाईल. परंतु पैसे देऊन काम करून घेणे आणि चहा पीत विचारून पाहणे यांत गृहस्थ काटेकोर फरक करतो.

पहिला मान घड्याळजींचा. पूर्वी डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या कमानी सरळ करणारा हा कारागीर आता बहुतांशी सेल आणि पट्टे बदलण्यापुरता उरला आहे. तो चाक तळहातावर घेतो, भिंग लावतो, बराच वेळ पाहतो आणि म्हणतो, “वडील असते तर केलं असतं.” या वाक्यापुढे दोघेही काही काळ गप्प राहतात आणि चहा संपतो.

दुसरा थांबा सराफकट्ट्यावर. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातील गलाई करणारी, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करणारी माणसे भारतभर पसरलेली आहेत. तेव्हा धातूच्या बाबतीत या जिल्ह्याने बाहेरच्यांचा सल्ला घ्यावा अशी परिस्थिती नाही. सोनार सवयीने चाक आधी वजनाला लावतो.

“पितळ आहे, सर.”

“माहीत आहे.”

“मग एवढ्या कापसात गुंडाळून कशाला आणलंय?”

तरीही तो उपाय सांगतो: झिजलेल्या जागी पितळेचा कण ठेवायचा, टाकणखार लावून झाळायचे, आणि मग बारीक कानशीने दाता घासून काढायचा. उपाय खरा आहे. जुन्या घड्याळांचे दाते अशाच रीतीने बसवले जात. गोम एवढीच की झाळण्याच्या आचेने पितळ मऊ पडते, आणि एक दाता नवा होता होता उरलेले तेवीस नरम होऊन बसतात. गृहस्थ चाक पुन्हा कापसात गुंडाळतो.

तिसरा सल्लागार लेथवाला. ट्रॅक्टरचे, मोटारपंपाचे आणि मळणी यंत्राचे शाफ्ट कातणारा हा माणूस आकाराबद्दल उदार असतो. तो चाक चिमट्यात धरण्याचा प्रयत्न करतो आणि म्हणतो, “सर, ह्ये धरलं की दिसत न्हाई, आन् दिसलं की धरवत न्हाई. ट्रॅक्टरचं काय असंल तर आणा, आज देतो.” वस्तुस्थितीचे इतके नेमके निदान आधीच्या दोघांना जमले नव्हते, हे मान्य करावे लागते.

आष्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने आधुनिक विद्याही हाताशी आहे. शेजारचा विद्यार्थी थ्रीडी प्रिंटरवर चाक छापून देण्याचे कबूल करतो. हे यंत्र वितळलेल्या प्लास्टिकची बारीक धार थरावर थर रचत वस्तू घडवते. ज्या छिद्रातून ही धार येते ते सामान्यतः ०.४ मिलिमीटरचे, आणि ०.३ मोड्यूलच्या दात्याची जाडी जेमतेम ०.४७ मिलिमीटर, त्यामुळे छापून येणारे चाक थंडीत एकमेकांना चिकटलेल्या बुंदीच्या लाडवासारखे दिसते. विद्यार्थी खचत नाही. “काका, साइज दहापट करू का? मग एकदम भारी येईल,” असे तो सुचवतो, आणि खरोखरच ७८ मिलिमीटर व्यासाचे, चोवीसही दाते रेखीव असलेले, केशरी रंगाचे एक देखणे चाक तयार होते. कॅमेऱ्यात ते मावण्याचा प्रश्नच नसतो. पण एवढी चांगली वस्तू टाकायची कशी, म्हणून ते पुढे दिवाणखान्यात चहाच्या कपाखाली नांदते, आणि प्रत्येक पाहुण्याला कप उचलायला लावून दाखवले जाते.

एव्हाना घरातील सहनशीलता संपत आलेली असते. अशा वेळी गृहस्थ इतिहासाचा आधार घेतो, आणि तो आधार दुर्दैवाने भक्कम आहे. आष्ट्याहून फार लांब नसलेल्या कोल्हापुरात आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चलच्चित्रणाचा अख्खा कॅमेरा स्वतः बनवण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तेव्हा काम अपुरे होते, आणि बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा केला. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. कोल्हापूरकरांनी बोटीचे भाडे वाचवले. त्या कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला, आणि कंपनी जिथे होती त्या खरी कॉर्नरला आज दगडी कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. चाके घासणारे दामले पुढे फत्तेलालांबरोबर प्रभातचा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करते झाले, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. गृहस्थ हा सगळा इतिहास जेवताना सांगतो आणि थोडा थांबून म्हणतो, “एका चाकापासूनच सुरुवात होते.”

“त्यांनी सिनेमा काढला,” गृहिणी आमटी वाढत म्हणते. “तुम्ही श्रावणातल्या सत्यनारायणाचा एक फोटो काढा. व्हेनिसला नाही पाठवला तरी चालेल.”

तोडगा निघतो तो अनपेक्षित ठिकाणाहून. वीजबिलाची किंवा पाणीपट्टीची चौकशी करायला आलेला, आयुष्यभर गुऱ्हाळ चालवलेला एखादा वयस्क शेतकरी टेबलावरचा पसारा पाहतो आणि चाक बोटावर घेऊन एवढेच विचारतो, “चाक दोन्हीकडनं सारखंच हाय न्हवं?”

“हो.”

“मग उलटं बसवा की. एकाच अंगाला फिरतंय म्हंजी एकाच अंगाला झिजलंय. दुसरं अंग कोरं हाय. चरकाला आमी तसंच करायचो.”

यंत्रशास्त्रात हा उपाय पूर्णपणे ग्राह्य आहे. एकाच दिशेने जोर घेणाऱ्या चाकाच्या दात्याची एकच बाजू झिजते. चाकाच्या दोन्ही पाठी सारख्या असतील, एकीकडे उंचवटा किंवा जोडकाम नसेल, तर ते पालथे बसवल्यावर दुसरी, न वापरलेली बाजू कामाला येते, आणि चाकाला दुसरे आयुष्य लाभते. खर्च शून्य. वेळ चहा निवण्याइतका. परंतु गृहस्थाच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नाही. एव्हाना त्याने जपानी मानकाचे ड्रायव्हर, सहा आकारांच्या कानशी, डोक्याला बांधायचे भिंग आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून सुट्या भागांसाठी एक मृत कॅमेरा आणलेला असतो, आणि या सर्वांचा उपयोग न करता कॅमेरा चालू होणे ही त्याला उधळपट्टी वाटते. म्हणून तो हा सल्ला ‘विचाराधीन’ ठेवतो, दोन-तीन दिवस कानशीने मृत कॅमेऱ्याचे चाक घासून तेही मृत करतो, आणि मग एका रात्री, सगळे झोपल्यावर, कोणालाही न सांगता चाक उलटे बसवतो. सकाळी लिव्हर कुरकुर न करता पूर्ण फिरते. “शेवटी मोड्यूलचाच घोळ होता,” असे तो सांगतो.

वंगणाचा एक धडा मात्र राहून जातो. कॅमेऱ्याच्या चाकांना सुईच्या टोकावर मावेल एवढेच पातळ तेल लागते. अधिक घातले तर ते सरपटत शटरच्या पात्यांपर्यंत जाते आणि पाती एकमेकांना चिकटतात. हे तेल आणायला सांगलीला जावे लागते आणि खोबरेल न्हाणीघरात असते. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजते ही गोष्ट आष्ट्यातील प्रत्येक घराला पौषात बाटली उन्हात ठेवताना आठवते, कॅमेऱ्यात घालताना आठवत नाही. त्यामुळे चैत्रात दुरुस्त झालेला कॅमेरा मार्गशीर्षात पहाटे जाम होतो, दुपारी बाराच्या सुमारास सैल होतो आणि संध्याकाळी पुन्हा हट्टाला पेटतो. घरात त्याला खिडकीत उन्हाला ठेवण्याची जागा मुक्रर होते, पापडांच्या शेजारी.

रोल मिळवणे, तो भरणे आणि धुवायला पाठवणे हे पुढचे अध्याय तुलनेने नीरस आहेत. रंगीत रोलची रसायने सुमारे ३८ अंशांवर नेमकी राखावी लागतात हे वाचून गृहस्थाने बंबाच्या पाण्यात स्वतःच रोल धुण्याचा प्रस्ताव मांडला, तर तो एकमताने फेटाळला जातो, आणि डबी कुरियरने मोठ्या शहरात रवाना होते. छायाचित्रे येतात. सत्यनारायणाच्या फोटोत चौरंग आहे, केळीचे खांब आहेत, गुरुजींचा अर्धा चेहरा आहे. यजमान दांपत्य चौकटीबाहेर राहिले आहे. नातवाच्या फोटोत नातू धूसर असून मागचे कपाट लख्ख आहे. गृहस्थाला त्याचे काहीच वाटत नाही. तो पाहुण्यांना फोटो दाखवतच नाही. तो निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडाला धरतो आणि दोन चित्रांमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवतो.

“हे बघा. दोन मिलिमीटर. इथेही दोन. शेवटपर्यंत दोनच.”

“हा कोण, आपला बंडू का?”

“ते सोडा हो. ही फट बघा.”

पाहुणे फट पाहतात, केशरी चाकावरचा कप उचलतात, पुन्हा ठेवतात. गृहस्थाची ख्याती आळीत पसरते, आणि तो टेबलावरची चादर न गुंडाळता पुढील वस्तूची वाट पाहू लागतो. घरातील इतर सदस्य मात्र सावध झालेले असतात. मिक्सरचे भांडे गळू लागल्याची बातमी स्वयंपाकघराबाहेर जात नाही. इस्त्री शेजारणीकडून उसनी येते. आजींच्या कवळीचा पुढचा एक दात हलू लागतो, तेव्हा त्या आठवडाभर ओठ मिटून बोलतात, नातवाला विश्वासात घेतात, आणि मुलगा भिंग बांधून मृत कॅमेऱ्यावर वाकलेला असताना, कवळी पदराच्या टोकाला गाठ मारून, दुपारच्या एसटीने सांगली गाठतात.